कोंडिबाची पगारवाढ

‘माझा पगार कमी करा’ असं म्हणणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. बाकीचे सगळे वाढवा म्हणून भांडतात, आणि भांडावंच.

मी छोट्या धंदेवाल्यांचं पगाराचं काम बघते. नेरूळच्या मार्केटमध्ये, एका पोळीभाजी केंद्राच्या डोक्यावर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस, जे काही सरकारला वेळेवर द्यायचं असतं आणि वेळेवर आठवत नसतं, ते आठवून देणं हा माझा धंदा. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरणा करायचा असतो, हे माझ्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला नव्याने कळतं. त्या दिवसांत माझ्या तोंडी लागू नये, हे माझा नवरा लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला.

वामनशेठ घरत हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. न्हावा शेवाच्या वाटेवर त्यांचं यार्ड आहे. परदेशी जाणारा माल लाकडी खोक्यांत बसवायचा, कंटेनरमध्ये चढवायचा आणि समुद्रात हलू नये म्हणून पट्ट्यांनी आवळायचा, हे तिथलं काम. शेठ खाडीकाठच्या गावातले आगरी. मिठागर गेलं, भाताची शेतं गेली, मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उठली आणि त्या पैशातून हे यार्ड उभं राहिलं. माणूस अंगाने आडवा आणि आवाजाने त्याहून मोठा. पण देणारा. कुणाच्या पोरीचं लग्न असो की कुणाच्या घराचं छप्पर, शेठचा हात खिशात गेला की मोकळा बाहेर येत नसे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना कंजूष म्हटलं तर मला ते चालणार नाही. त्यांना शिव्या द्यायच्या असतील तर त्या दुसऱ्या कारणासाठी द्याव्या लागतील.

कोंडिबा त्यांच्याकडचा सगळ्यात भरवशाचा माणूस. पाटणकडचा. यार्ड नवीन होतं तेव्हा आला आणि टिकला. मुलगी लग्न होऊन कराडला गेलेली, घरात तो आणि त्याची बायको शेवंता. शेवंताला बरीच वर्षं साखर होती आणि त्या आजाराने मूत्रपिंडं धरली होती. तिची सगळी औषधं, तपासण्या, दवाखाना ईएसआयच्या कार्डावर चालायचं. हे कार्ड म्हणजे काय, तर कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकाने त्यात आपले घालायचे आणि त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळायचे. फक्त पगार महिना एकवीस हजारांच्या वर गेला की माणूस त्यातून बाहेर पडतो.

शेठच्या यार्डात दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. हातोडे, करवती, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना झेंडूच्या माळा. जेवणावळ होते, आणि मग शेठ उभे राहून वर्षभरात ज्याने जीव ओतून काम केलं त्याचं नाव घेतात. एका वर्षी त्यांनी कोंडिबाचं नाव घेतलं. त्याच्या डोक्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि भरल्या मांडवात सांगितलं की आजपासून कोंडिबा सुपरवायझर आणि त्याचा पगार बावीस हजार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला यातलं काही माहीत नव्हतं. महिना संपल्यावर पगाराचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा तो आकडा दिसला, आणि मी स्कूटर काढून तडक यार्डात गेले.

“शेठ, हे काय करून ठेवलंत?”

“काय केला?”

“कोंडिबाचा पगार एकवीस हजारांच्या वर नेलात. त्याचं ईएसआय जाणार.”

“जाऊ दे की. पगार वाडला ना त्याचा?”

मी त्यांना समजावून सांगितलं. पगार वीस हजार होता तो तसाच ठेवा, वरचे पैसे वर्षातून एकदा दिवाळीला बोनस म्हणून द्या. त्याच्या हातात तेवढंच पडेल, तुमच्या खिशातून तेवढंच जाईल आणि कार्डही राहील. सरळ, कायदेशीर, कुणाचं काही बिघडणार नाही.

“बोनस मी सगल्यांना देतंव,” शेठ म्हणाले. “ह्यो मान हाय, बाय. मान बोनसमधी देतान काय?”

“त्याची बायको त्या कार्डावर उपचार घेते.”

“मंग मी मेलोय काय? मी देईन तिच्या औषदाचे पैशे.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “माज्या बापाला घेऊन मी असाच एका खिरकीसमोर उभा व्हतो. सकालपासून. आतला मानूस चाय प्याला, पेपर वाचला, आनि मंग बोलला की उद्या ये. माजी मानसा मी तसल्या रांगेत नाय उभी करनार.”

बापाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला नियम ऐकवून उपयोग नसतो. मी बाहेर येऊन कोंडिबाला गाठलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. तो मान खाजवत उभा राहिला.

“समद्यांपुढं फेटा बांदलाय, म्याडम,” तो म्हणाला. “आता नगं कसं म्हनू?”

माझी काही चलाख गिऱ्हाइकं मुद्दाम माणसाला एकवीस हजारांच्या थोडं वर नेऊन ठेवतात, म्हणजे त्यांचा हप्ता वाचतो. त्यांच्याशी मी कचाकचा भांडते आणि मला बरं वाटतं. वामनशेठनी तेच मायेने केलं होतं. मायेशी कसं भांडायचं, हे मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

यातली खरी मेख अशी की कार्ड लगेच बंद पडत नाही. पगार मध्येच वाढला तरी चालू सहामाही संपेपर्यंत कपात होत राहते, आणि त्या कपातीवर पुढचे काही महिने उपचार मिळत राहतात. कोंडिबाचं कार्ड पुढच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालणार होतं. म्हणजे वर्षभराहून जास्त. एवढ्या अवधीत माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतो, नियम कुठला लक्षात ठेवणार!

पुढच्या वर्षी गणपतीनंतर शेवंताची मूत्रपिंडं दमली आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. ईएसआयने ठरवून दिलेल्या सेंटरमध्ये जायचं, कार्ड दाखवायचं, चार तास मशीनवर पडायचं आणि घरी यायचं. पैसा एक द्यावा लागत नव्हता.

“बघ बाय, चालतंय ना कार्ड?” शेठ मला फोनवर म्हणाले. “उगाच मानसाला भ्या दाखवतेस.”

“डिसेंबरपर्यंतच आहे, शेठ.”

“हो गं, हो,” ते म्हणाले आणि कुणाला तरी कंटेनर मागे घ्यायला ओरडू लागले.

जानेवारी लागला आणि सेंटरच्या कॉम्प्युटरने शेवंताला ओळखायचं बंद केलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कोंडिबा माझ्या ऑफिसचा जिना चढून आला. खाली पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“म्याडम, माजा पगार कमी करा,” तो म्हणाला. “पयला हुता त्येवडा करा. सुपरवायजर बी नगं. कारड तेवडं चालू करा.”

मी त्याला खोटं सांगितलं नाही. पगार खाली आला की नाव पुन्हा लागेल, पण मोठ्या उपचारांना लगेच मंजुरी मिळेल असं नाही, काही महिने कपात झाल्यावरच ते सुरू होईल. तेवढे महिने शेठकडून निभावून घ्यावे लागतील.

“म्हयन्यांचं काय न्हाई. सरतंय कवा, ते म्हाईत असलं की मानूस कळ काढतो. कारडाला लाज नसती, म्याडम. माजं कापून घेतलंय, म्या दावतो, नंबर लागतो. कुनाला काय सांगावं लागत न्हाई.”

त्या दिवशी मी त्याला स्कूटरवर मागे बसवून यार्डात नेलं. वाटेत दोन वेळा सांगितलं, की तुम्ही काही बोलू नका, मी बोलते. पण शेठच्या केबिनमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तो स्वतःच बोलला. “शेठ, पगार कमी करा जी,” एवढंच.

शेठ खुर्चीत मागे सरकले. आधी त्यांना वाटलं तो दुसरीकडे चाललाय. मग मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनी वाढलेलं कुणी परत त्यांच्याच ताटात टाकलं.

“माज्या यार्डात पगार वाडतान, कमी नाय होत,” ते म्हणाले. “गावात काय बोलतील? घरताचा धंदा बसला? ज्याला फेटा बांदला त्याचा पगार कापला? नाय. जमनार नाय.”

“शेठ, हा तुमचा प्रश्न नाही, शेवंताबाईंचा आहे.”

“तिचा पन मीच बगतंव. कोंडिबा, दर टायमाला किती लागतंत? माज्याकडे यायचा, घेऊन जायचा. एकदा पन नाय बोलनार नाय मी.”

मी म्हटलं, असं असेल तर महिन्याचे पैसे एकदम सेंटरला भरून टाका. ऑनलाइन भरता येतात, मी लावून देते, दर महिन्याला आपोआप जातील. शेठना ते मनापासून पटलं नाही.

“मंग मना कसा कलनार ती कशी हाय?” ते म्हणाले.

यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण कोंडिबा खाली मान घालून उभा होता आणि मला त्याच्या हातातली टोपी दिसत होती. तो ती पिळत होता.

दुसऱ्या वाटा मी शोधल्या नाहीत असं नाही. सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड लागलं, ते गावाकडे थोरल्या भावाच्या नावावर निघालं आणि भाऊ भांडलेला. एका ट्रस्टच्या स्वस्त सेंटरला नाव घातलं, पण तिथे मोठी वेटिंग. शेठनी कौतुकाने मेडिक्लेमचा एजंट बोलावला, तर तो म्हणाला आधीपासूनचा आजार सुरुवातीची काही वर्षं धरता येणार नाही. मी पुन्हा दोनदा पगार कमी करण्याचा विषय काढला. दुसऱ्या वेळी शेठ चिडले आणि म्हणाले, “बाय, तू कागद बग, मानसा मी बगतंव.” त्या वाक्याने मला असा राग आला की मी आठवडाभर त्यांचे फोन उचलले नाहीत. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्यालाही ओरडले.

मग आठवड्यातून तीनदा कोंडिबा केबिनच्या दाराशी येऊ लागला. एकदा मी तिथेच होते म्हणून पाहिलं. दोन ड्रायव्हर, एक कस्टम एजंट आणि लाकूडवाला बसलेले होते. कोंडिबा दारात दिसताच शेठचा चेहरा फुलला.

“ये, ये! शेवंता कशी हाय? जेवते काय? पायावरची सूज उतरली? परवा काय बोलला डाक्टर?” मग बाकीच्यांकडे वळून, “ह्याच्या बायकोची किडनी गेली हाय. मशीनवर ठेवतान बिचारीला.” ड्रायव्हर चुकचुकले. लाकूडवाल्याने एका वैद्याचं नाव सांगितलं. कोंडिबाला खुर्चीवर बसवलं, त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने तो गरम गरम घशाखाली ढकलला. शेठनी ड्रॉवरमधून नोटा काढून त्याच्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबल्या आणि पाठीवर थाप मारली. कुणी म्हणालं, “शेठ, तुमच्यासारखा मालक मिळायला नशीब लागतं.” कोंडिबाने हात जोडले.

शेठच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर चिडता येईना.

होळीनंतर कोंडिबा कमी वेळा येऊ लागला. शेठनी विचारलं तर म्हणाला, डॉक्टर म्हणतात आता आठवड्यातून दोनदा चालंल. मग म्हणाला, एकदा बी चालंल. शेठ खूश. मला मुद्दाम फोन केला. “सुधारते हाय बाय ती. तू उगाच टेन्शन घेत व्हतीस.” डायलिसिस असं कमी होत नाही, एवढं मला कळत होतं. मी कोंडिबाला फोन लावला. तो म्हणाला, “बरी हाय, म्याडम. खरंच बरी हाय.” मग म्हणाला, “तिलाच नगं वाटतंय. म्हनती, माज्यापायी तुमी रोज दारात उबं ऱ्हाता.” मी त्याला नको नको ते बोलले. उद्याच्या उद्या तिला घेऊन जा, म्हटलं, पैसे मी देते. तो व्हय म्हणाला. माझे पैसेसुद्धा मागायचेच होते ना त्याला, ते तरी कसे घेईल!

मे महिन्यात एका दुपारी शेवंताच्या छातीत पाणी भरलं. रिक्षात घालून नेईपर्यंत संपलं. सेंटरवाल्या नर्सने शेठना सांगितलं की बाई महिनाभरात दोनदाच आल्या होत्या.

तिचं सगळं शेठनीच केलं. पाटणला न्यायला गाडी, माणसांचं जेवण, दहावं, बारावं. खर्चाकडे पाहिलं नाही. कोंडिबा दिवस उरकून परतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहिला. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे.

त्यानंतर काही दिवसांनी वामनशेठ माझ्या ऑफिसात आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते, नेहमी मीच जायची. जिना चढून धाप लागली होती. पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले.

“बाय, मी तिच्या पैशाला कदी नाय बोललो काय?”

“नाही.”

“एकदा तरी? आठवून सांग.”

“एकदाही नाही, शेठ.”

“मंग तो आला कशाला नाय? मी बसलेलो व्हतो ना तिथं. रोज बसलेलो व्हतो.”

मी गप्प बसायला हवं होतं, असं पुष्कळांना वाटेल. मला नाही जमलं. “त्याला दर वेळी मागावं लागत होतं,” मी म्हटलं. “चार माणसांत बायकोचं दुखणं मांडावं लागत होतं. तुम्ही द्यायला बसला होतात, पण मागायला त्यालाच यायचं होतं.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिले.

“मना बरा वाटायचा तो आला की,” ते हळूच म्हणाले. “खोटा कशाला बोलू. चार मानसांत बरा वाटायचा.”

मला त्यांची दया आली. हा माणूस नुसता वाईट असता तर किती सोपं झालं असतं. एक साधा कागद, एक सही आणि थोडा मान गिळायचा, एवढंच तर होतं. ते झालं असतं तर शेवंता कदाचित आज असती. कदाचित नसती, पण ताठ मानेने मशीनवर जाऊन आली असती.

शेठनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पगार पूर्वीइतका करण्याचं पत्र. कुणाकडून तरी टाइप करून आणलं होतं, खाली सही केलेली होती.

“कमी कर त्याचा पगार,” ते म्हणाले. “कार्ड चालू कर. वरचे पैशे मी दिवालीला देतंव, तू बोललेली तसा. गावाला काय बोलायचा ता बोलू दे.”

“शेठ, त्याला विचारायला हवं. त्याची संमती लागते.”

“लाव फोन.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे हातोड्यांचे आवाज येत होते. शेठनी मलाच बोलायची खूण केली, म्हणून मीच सांगितलं. शेठनी पत्र आणलंय, तुमचं कार्ड पुन्हा सुरू होईल, तुम्ही हो म्हणा म्हणजे झालं.

आवाज लांब गेले, कोंडिबा बाजूला येऊन उभा राहिला असावा.

“शेठ हायती का तितं?”

“हाय रे, हाय,” शेठ म्हणाले.

“नगा जी तरास घेऊ, शेठ,” कोंडिबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी कान देऊन ऐकलं, नव्हताच. “हाय त्यो पगार ऱ्हाऊ द्या. आता मला कुनासाठी काय मागायचं न्हाई.”

मग त्याने विचारलं, की दुपारचा कंटेनर आलाय, माल भरायला घेऊ का. शेठ ते पत्र पुन्हा घडी घालत बसले. मीच म्हटलं, घ्या.